बूड नसलेली पाटी

मोहाची वाडी, तालुका जामखेड
३ सप्टेंबर १९७०

गोरखा, श्रीमंताचा रामराम घे.

भिमाजी वस्ताद गेल्याचं आषाढात कळवलं होतं. तेव्हापासून आपल्या फुटबॉल मंडळाला धनी राहिलेला नाही. चेंडू देवळात खुंटीला टांगलाय, शेजारी वस्तादांची शिट्टी. देवळात गेलं की नजर आधी त्या खुंटीकडं जाते आणि मग मारुतीकडं. मारुती समजून घेत असावा.

परवा पोळ्याला बैल मिरवून झाले आणि नवा वस्ताद नेमायला पारावर बैठक बसली. बैलांची शिंगं रंगवलेली होती, माणसांची नुसतीच उगारलेली. दोन नावं आहेत. एक राधाकृष्ण हवालदार, नगरच्या कॅम्पातून निवृत्त झालेला. पलटणीचा संघ यानंच तयार केला होता म्हणतात. त्याला राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण हवं, शिवाय सकाळी सहाला सगळी पोरं मैदानावर. दुसरे जामखेडच्या शाळेतले आप्पासाहेब मास्तर. त्यांच्याकडं फुटबॉलचं पुस्तक आहे. कुणी कुठून कुठं पळायचं ते खडूनं फळ्यावर काढून दाखवतात. दाखवताना स्वतःही थोडे पळतात.

वरची आळी मास्तरांची, खालची हवालदाराची. "पुस्तकातला चेंडू पुस्तकातच ऱ्हातो," असं एक म्हणाला, तर दुसरा म्हणाला, "हवालदार परेड शिकवील, गोल कोन मारनार?" बनुबाईनं आयुष्यात एक सामना पाहिलेला नाही, पण तिनंच मुद्द्याचं विचारलं, "जेवायला कोन घालनार ते आधी ठरवा."

तुझंही नाव निघालं होतं. केशरबाईचा गहिनीनाथ आता गोलात उभा राहतो, बावीस वर्षांचा झालाय. तो म्हणाला, "गोरखकाकांना का इचारत न्हाई? आपल्या गावात त्यांच्यावानी गोलकीपर झाला न्हाई म्हनत्यात." तेव्हा मागून कुणीतरी बोललं, "ज्याच्या पायातनं चेंडू गेला, त्यो काय शिकवनार?" लोक हसले आणि विषय तिथंच संपला. मी मध्ये काही बोललो नाही. जुनी मढी उकरण्यात काय अर्थ?

तू बारा वर्षं तिकडं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहेस, आमच्यापेक्षा जग जास्त पाहिलंयस. हवालदार की मास्तर, तेवढं लिही. तुझं मत मी बैठकीत वाचून दाखवीन.

तुझा
श्रीमंत शिंपी


राहाता
११ सप्टेंबर १९७०

श्रीमंता,

पत्र मिळालं. आमच्या कारभारणीनं, झुंबरबाईनं, दोनदा वाचून घेतलं. बनुबाईचं वाक्य तिला फार आवडलं.

हवालदार घ्या. मास्तरांचा फळा वाईट नाही, पण फळ्यावरच्या पोरांना तहान लागत नाही आणि पायात काटा मोडत नाही. सहाला उठवणारा माणूस बरा. माझं मत वाचून दाखवू नकोस. माझ्या मतानं हवालदार यायचा असला तरी जायचा.

माझ्या नावावर हसले ते कळवलंस. हसणाऱ्यांचं वाक्य तू शब्दन् शब्द लिहिलंस आणि स्वतःचं "काही बोललो नाही" एवढ्यावर उरकलंस. श्रीमंता, त्या सामन्यात तूही होतास. अठ्ठावन्न साली, नगरच्या ढालीच्या स्पर्धेचा शेवटचा सामना, मी गोलात आणि माझ्यापुढं चार हातांवर तू. त्यांच्या माणसानं लांबून चेंडू मारला आणि तो माझ्या दोन पायांमधून गेला. एवढंच लोकांना दिसलं. धूळ किती होती ते तुला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कडीला बूड नसलेली बांबूची पाटी अडकवलेली, माझ्यासारखीच सगळं आरपार सोडणारी. मी पाटी काढून आत ठेवली आणि आई त्या दिवशी जेवली नाही. आठ दिवसांनी मी गाव सोडलं. पोटासाठी सोडलं असं तू सगळ्यांना सांगतोस, ते ठीक आहे.

खरं सांगू? भिमाजी वस्ताद गेल्याचं कळलं तेव्हा मला वाटलं होतं की आता बोलावतील. मूर्खासारखं वाटलं होतं. ऑगस्टभर पोस्टमन दिसला की मी घरातून बाहेर यायचो. मग तुझं पत्र आलं, हवालदार की मास्तर.

गोरक्षनाथ


मोहाची वाडी
१४ ऑक्टोबर १९७०

गोरखा,

दसऱ्याचं सोनं या पत्रातूनच घे.

हवालदार आला. मतं घेताना आरडाओरडा नको म्हणून देवळात मडकं ठेवलं होतं. हवालदार हवा त्यानं ज्वारीचा दाणा टाकायचा, मास्तर हवे त्यानं बाजरीचा. ज्वारी जास्त निघाली. मास्तर मनाचे मोठे, त्यांनी स्वतः हवालदाराला नारळ दिला, आणि तेव्हा हवालदारानं खुंटीवरची शिट्टी काढून गळ्यात घातली. शिट्टी खुंटीवरून निघाली की वस्ताद ठरला, ही आपली रीत त्याला कुणी सांगितली नव्हती. तरी त्यानं आधी शिट्टीला कपाळ लावलं. मला माणूस आवडला.

आता रोज सहाला शिट्टी होते. पोरं रांगेत. कुणाची चड्डी ढगळ असली तर ती माझ्याकडं येते, मी आवळून देतो. भिमाजी वस्तादांनी अशी शिस्त कधी लावली नाही. ते पावसाळ्यात चार महिने शिकवायचे आणि मग पोरांबरोबर ऊस तोडायला जायचे. पोट कुणाला चुकलंय?

तुझ्या पत्रातल्या त्या बाकीच्या मजकुराला उत्तर लिहायला बसलो. दोनदा लिहिलं आणि फाडलं. पाऊस परतीचा बरा झाला. तूर उभी आहे.

श्रीमंत


मोहाची वाडी
२० नोव्हेंबर १९७०

गोरखा,

हसायचं असेल तर पोटभर हस, पण आधी वाच.

दिवाळी झाली, मुकादमाच्या गाड्या आल्या, आणि कोयते, भांडी, कोंबड्या भरून निम्मं गाव उसाला गेलं. दरवर्षी जातं तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हवालदारानं शिट्टी फुंकली आणि मैदानावर तीन जण आले. अकरातले आठ तुमच्या राहात्याकडच्या फडात.

बैठकीला शंभरावर माणसं होती. त्यातल्या पन्नास घरांतून दरसाल कोयता निघतो. वरची आळी भांडली, खालची भांडली, जेवण कुणी घालायचं त्याच्या पाळ्या लागल्या, मडक्यात दाणे पडले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की दसरा-दिवाळीनंतर हा माणूस शिकवणार कुणाला. ढालीचे सामने फेब्रुवारीत. इतकी वर्षं पोरं फडातून थेट नगरला जातात आणि बरी खेळतात. आम्हाला वाटायचं, पावसाळ्यात शिकलेलं त्यांच्या पायात राहत असेल.

हवालदार चिडला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. रोज सहाला येतो, शिट्टी फुंकतो, आणि तीन पोरं, मी, न्हावी आणि जामखेडहून सायकलवर आलेले आप्पासाहेब मास्तर असे सहा जण पळतो. काल दुकानात बसून मला म्हणाला, "श्रीमंतराव, मी तुमच्या गावाचं अन्न फुकट खातोय." मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

तळ तुमच्या कारखान्याजवळच पडलाय. गहिनीनाथ, रंगनाथ, सगळे तिथंच आहेत. काट्यावर भेटले तर पळत राहा म्हणावं.

श्रीमंत


राहाता
२ डिसेंबर १९७०

श्रीमंता,

हसलो नाही. कारण हे होणार ते मला तुझं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं. मी लिहिलं नाही. माझ्या नावावर हसणाऱ्यांना जरा कळू दे, असं मनात आलं. हवालदाराचा त्यात काही दोष नव्हता, आणि त्याला घ्या असं तर मीच लिहिलं. ही माझी चूक झाली, ती मी कबूल करतो.

आता जे गावात राहणाऱ्या तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही ते सांगतो. भिमाजी वस्ताद पोटासाठी यायचे हे खरं. पण दुपारी गाड्या भरून कारखान्याकडं निघाल्या की ते पोरांना काट्यासमोरच्या तोडलेल्या फडात उभं करायचे. पाचट बाजूला ओढायचं आणि मोकळ्या सरीतून चेंडू पुढं द्यायचा. दोन्ही बाजूला उसाचे बुडखे, त्यामुळं चेंडू जरा वाकडा गेला की अडकला. आपल्या पोरांचा चेंडू इतका सरळ का जातो म्हणून नगरात लोक विचारायचे ना? तो त्या सरीतून आलाय. बारा वर्षं मी काट्याच्या खोलीतून बघत होतो. वस्ताद कधी हाक मारायचे, "गोरख, ये की." मी गेलो नाही. मोहाच्या वाडीच्या चेंडूला पाय लावायचा नाही अशी शपथ घेतली होती. आता वस्ताद नाहीत, आणि ती हाक कानातून जात नाही.

पोरांना तो खेळच वाटला आणि तुम्हाला ही सगळी रीत दिसली नाही, कारण वस्तादाच्या हातात कोयता होता. कोयतेवाल्याला वस्ताद कोण म्हणणार?

पोरं भेटतात काट्यावर. ठीक आहेत. सामन्याच्या तीन दिवसांच्या सुटीचं मी मुकादमाशी बोललोय. हवालदाराला सांग, उपाशी राहू नकोस.

गोरक्षनाथ


मोहाची वाडी
२३ फेब्रुवारी १९७१

गोरखा,

हे पत्र जरा मोठं होईल. मशीन बंद करून, दुकानाचं दार लोटून लिहायला बसलोय.

आपण अंतिम सामना हरलो. एका गोलनं. ते तुला पोरांनी सांगितलं असेलच. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

पहिला सामना आपण तीन गोलनं जिंकला तेव्हा हवालदार आनंदी होण्याऐवजी गंभीर झाला. त्यानं पोरांना जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुम्हाला कोण शिकवतं? हे मी शिकवलेलं नाही." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग गहिनीनाथ म्हणाला, "सांगू नका म्हनलेत, पर सांगतो. काट्यावरचे गोरखकाका. त्यांच्याकडं एक बूड नसल्याली पाटी हाय. लई जुनी. ती बाभळीला टांगत्यात. तिच्यातनं चेंडू गेल्याबिगर तळावरच्या कोपीत जाऊ देत न्हाईत."

हवालदार हसला. कुठली पाटी ते त्या मैदानावर मला एकट्यालाच कळलं होतं.

शेवटच्या सामन्यात कोंडी होती. संपायला थोडा वेळ असताना त्यांच्या माणसानं चेंडू मारला, गहिनीनाथ बरोबर त्या बाजूला झेपावला आणि चेंडू दुसऱ्याच बाजूनं आत गेला. पुढं बॅकला रंगनाथ उभा होता. पुन्हा तेच मैदान आणि तीच धूळ.

पोरांचा टेम्पो राहात्याकडं आणि आमची गाडी जामखेडकडं निघायची होती. त्याआधी मैदानाकडेच्या लिंबाखाली भाकरी सोडल्या. कुणी जेवेना. मग सुरू झालं. "गहिन्या, तिकडं कशाला मेला व्हतास?" एक बोलला की दुसऱ्याला धीर येतो. केशरबाई मुद्दाम सामना बघायला आली होती. तिनं भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला. मला तुझी आई आठवली.

तेवढ्यात रंगनाथ उभा राहिला. एकवीस वर्षांचं पोर. म्हणाला, "गहिन्याला कायबी बोलू नका. चेंडू माझ्या गुडघ्याला लागून फिरला. माझ्यामुळं गोल झाला." एवढं बोलून खाली बसला आणि जेवायला लागला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, एवढ्या लोकांत हे सांगायला भीती वाटली नाही का. तो म्हणाला, "भीती कसली? काकांचा नेमच हाय. पाटी चुकली की शेवटी कुनाचा पाय लागला ते ज्यानं त्यानं सांगायचं. सांगितलं की झालं. मग त्यावर कुनी बोलायचं न्हाई."

गोरखा, त्या पोरानं एका दमात सांगितलं ते मला तेरा वर्षांत जमलं नाही. अठ्ठावन्न साली चेंडू माझ्या डाव्या टाचेला लागून फिरला होता. मी पाय आडवा घातला आणि तो चुकला. तू उजवीकडं झुकला होतास, आणि झुकायलाच हवं होतं. परतताना ट्रकमध्ये सगळे तुला बोलत होते आणि मी बाहेर बाभळी मोजत होतो. उद्या सांगू असं मनाशी म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या दाराला पाटी लागली आणि मग सांगायची हिंमतच राहिली नाही. जितके दिवस जात होते तितकं ते जड होत होतं. तू गाव सोडलंस त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. तब्येत बरी नाही असं घरी सांगितलं.

मी परत त्या लिंबाखाली आलो आणि उभं राहून हे सगळं सांगितलं. एकदा सांगितलं, मग मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा रडलो. पोळ्याच्या बैठकीत तुझ्यावर मागून बोललेला माणूसही तिथंच होता. तो उठला, गहिनीनाथाच्या पुढं भाकरी ठेवली आणि लांब जाऊन बसला.

हवालदारानं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "ही ज्याची आहे त्याला पाठवा. मी पावसाळ्यात येत जाईन, त्याच्या हाताखाली." गावात आल्यावर शिट्टी रीतीप्रमाणं खुंटीवर ठेवली आणि मडकं पुन्हा मांडलं. या खेपेला दाणे एकाच जातीचे पडले. पोरांच्या वाट्याचे दाणे त्यांच्या आयांनी टाकले. मग मारुतीपुढून शिट्टी मीच काढली आणि या पत्राबरोबर रजिस्टरनं पाठवतोय.

तुझं काम हंगामी. हंगामात तू तिथं आणि पोरंही तिथंच. कारखाना बंद झाला की तू मोकळा आणि पोरं गावात. इतकं सरळ होतं ते. गाव तुला बोलावतंय. तू नाही म्हणालास तर का म्हणालास ते मी सगळ्यांना सांगेन, यावेळी पूर्ण सांगेन.

श्रीमंत


राहाता
५ मार्च १९७१

श्रीमंता,

पाकीट काट्याच्या खोलीत फोडलं. शिट्टी खाली पडली, उचलून फुंकून बघितली. बाहेर रांगेतले बैल बुजले आणि गाडीवान मला दोन शब्द बोलले. वस्तादांच्या दाताची खूण अजून तिच्यावर आहे.

चेंडू तुझ्या टाचेला लागला ते मला ठाऊक होतं. गोलकीपर त्या वेळी चेंडूशिवाय दुसरं बघतच नाही. डावी टाच, तू लिहिलंस ते बरोबर आहे. ट्रकमध्ये मी सांगू शकलो असतो. पण मी सांगितलं असतं तर ते स्वतःचं अंग काढून घेणं झालं असतं, आणि कुणी खरं मानलं नसतं. ते तूच सांगायला हवं होतंस. पहिलं वर्ष मी रोज वाट बघितली. तुझं पत्र यायचं, त्यात पाऊसपाणी असायचं, बाजारभाव असायचा, कुणाचं लग्न जमलं ते असायचं. शेवटी तुझी सही आली की मी पत्र उलटून मागं बघायचो, काही लिहिलंय का.

राग होता. फार होता. पत्र मात्र एकही फेकलं नाही. सगळी त्या पाटीत ठेवत होतो, तळाला पत्रा घालून. डिसेंबरात तुला पत्र लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी पाटी बाभळीला टांगायला घेतली, तेव्हा पत्रं बाहेर काढावी लागली. झुंबरबाईनं त्यांना वेगळी पिशवी शिवली. शिलाई तुझ्याइतकी चांगली नाही.

तो नेम मी पोरांसाठी केला असं मला वाटत होतं. रंगनाथानं लिंबाखाली काय केलं ते वाचल्यावर कळलं की तो मी तुझ्यासाठी केला होता.

शिट्टी ठेवून घेतली. हवालदाराला माझा नमस्कार सांग, त्यानं यायचंच. मास्तरांनाही फळा घेऊन बोलाव. कुणी कुठं पळायचं ते कळायला हवंच.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की पोरांच्याच गाडीतून येतो. अक्षय्य तृतीयेच्या आत पोचू. माझं जुनं घर झाडून ठेव, किल्ली केशरबाईकडं आहे. पाटी बरोबर आणतोय. ती त्याच कडीला अडकवायची, आणि पहिला चेंडू तू मारायचा, डाव्या पायानं. आत जाईपर्यंत मी दारात उभा राहीन.

गोरख